कंपनी सरकारचा तराजू

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने इ. स. १७९१ मध्ये मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडविली. ती इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे तयार होऊन जहाजाने मुंबईस आली. त्यांच्या एका बाजूस कंपनीचे व्यापारी चिन्ह होते. मालाच्या गठ्ठ्यांवर ओळखीसाठी जे चिन्ह उमटवीत, तेच हे चिन्ह. दुसऱ्या बाजूस एक तराजू होता आणि त्याच्या दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत एकच शब्द कोरलेला होता. तो शब्द 'अदल', म्हणजे न्याय.

तराजू हे न्यायाचे चिन्ह आहे, हे खरे. परंतु तराजू हे दुकानदाराचेही साधन आहे. ज्या सरकारने हे नाणे काढले ते न्यायाधीशाच्या आसनावरही बसले होते आणि दुकानाच्या गादीवरही. एकाच माणसाने दोन्ही ठिकाणी बसावयाचे ठरविले तर तराजूचे पारडे कोणत्या बाजूस झुकते, हे ठाणे आणि कल्याण या दोन जुन्या गावांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

या कंपनीचा जन्म ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडन येथे झाला. त्या दिवशी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने काही व्यापाऱ्यांना एक सनद दिली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून पूर्वेकडील सर्व देशांशी व्यापार करण्याचा हक्क पंधरा वर्षांपुरता या मंडळींनाच राहील, इतर कोणाही इंग्रजाने तो करू नये, असा त्या सनदेचा आशय होता. पुढे तिची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. अशा राजाज्ञेने स्थापन झालेल्या मंडळीस सनदी कंपनी म्हणतात. अनेक लोक आपापला पैसा तिच्यात भागांच्या रूपाने गुंतवीत आणि वर्षाच्या शेवटी नफ्यातील आपला वाटा घेत. कंपनीचा कारभार पाहण्यासाठी हे भागीदार लंडनमध्ये चोवीस संचालक निवडीत. संचालकांनी भागीदारांना चांगला वाटा मिळवून द्यावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असे. हिंदुस्थानातील शेतकरी किंवा कोष्टी या भागीदारांत नव्हता. त्याचे मत कोणी विचारण्याचे कारणही नव्हते.

कंपनीला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाय रोवावयास जागा मिळाली ती मात्र लढाई न करता. इ. स. १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस याचा पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाह ठरला, तेव्हा मुंबई बेट त्याला आंदण मिळाले. इतक्या दूरच्या बेटाचा सांभाळ करणे राजाला खर्चाचे वाटू लागले. म्हणून १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला देऊन टाकले. एखादी पडीक जमीन खंडाने द्यावी, तसे हे झाले. मुंबईच्या रहिवाशांना या व्यवहाराची बातमी तो पुरा झाल्यानंतरच कळली असणार.

या टोपीकरांचा धोका मराठी राज्यात कोणाच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्य यांनी राजनीतीवर 'आज्ञापत्र' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात त्यांनी बजावले आहे की, युरोपातून येणारे व्यापारी हे इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे उभे आहेत. त्यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये आणि इमारती बांधू देऊ नयेत. शंभर वर्षांनी काय घडणार हे ओळखणारी ही दृष्टी होती. दुर्दैवाने तो ग्रंथ वाचण्याची निकड पुढील कारभाऱ्यांना फारशी भासली नाही.

मुंबईच्या उत्तरेस साष्टी नावाचे मोठे बेट होते. आजचे वांद्रे, अंधेरी, मुलुंड ही सारी वस्ती त्या बेटावर आहे आणि त्याच्या ईशान्य कडेस, खाडीच्या काठी, ठाणे आहे. साष्टी पोर्तुगिजांकडे होती. ठाण्याचा किल्ला त्यांनीच बांधावयास घेतला होता. परंतु तो पुरा होण्यापूर्वीच मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले. दोन वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि सारा उत्तर कोकण मराठी अंमलाखाली आला.

मुंबईच्या इंग्रजांची नजर तेव्हापासूनच साष्टीवर होती. मुंबई बेट लहान. तेथे बंदर उत्तम, पण धान्य पिकविण्यास जमीन अपुरी. साष्टीत भात पिके, मीठ पिके, गवत मिळे. शिवाय घाटावरून उतरणारा माल कल्याणहून खाडीच्या वाटेने मुंबईकडे येई आणि त्या वाटेवर ठाण्याच्या किल्ल्याची नजर असे. व्यापाऱ्याला आपल्या दुकानाची वाट दुसऱ्याच्या हातात असलेली कधीच आवडत नाही.

ही संधी इ. स. १७७३ मध्ये आली. ३० ऑगस्ट रोजी पुण्यास नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पेशव्यांच्या घरात भाऊबंदकी माजली. राघोबादादा पेशवेपदासाठी इंग्रजांची मदत मागू लागले. मुंबईकरांनी मदतीची किंमत म्हणून साष्टी आणि वसई मागितली. बोलणी चालू असतानाच बातमी आली की, पोर्तुगिजांचे आरमारही हा मुलूख परत घेण्यासाठी येत आहे. आता मुंबईकरांनी धीर धरला नाही. १२ डिसेंबर १७७४ रोजी त्यांनी जनरल गॉर्डन याच्या हाताखाली सैन्य ठाण्यावर धाडले. आरमाराचा प्रमुख वॉटसन हा होता.

ठाण्याच्या शिबंदीने किल्ला सहज सोडला नाही. भिंतीला खिंडार पडल्यावर इंग्रजांनी रात्री खंदक बुजविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांचे सुमारे शंभर गोरे शिपाई कामास आले किंवा जखमी झाले आणि त्यांना मागे सरावे लागले. दुसऱ्या दिवशी, २८ डिसेंबर रोजी, त्यांनी पुन्हा हल्ला करून किल्ला घेतला. किल्ल्यातील बहुतेक शिबंदी कापून काढण्यात आली. वॉटसनही या वेढ्यात झालेल्या जखमेने मरण पावला. त्या वेळी पेशव्यांशी कंपनीचे युद्ध पुकारलेले नव्हते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यानंतरची आठ वर्षे तहांची आणि तह मोडण्याची आहेत. मार्च १७७५ मध्ये मुंबईकरांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने तो नापसंत करून १७७६ मध्ये पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. पण त्यातही साष्टी मात्र सोडली नाही. तिकडे लंडनच्या संचालकांना सुरतेचाच तह पसंत पडला! जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे महादजी शिंद्यांच्या फौजेने इंग्रजांना कोंडीत धरले. तेव्हा साष्टी परत देण्याचे त्यांनी लिहून दिले. सुटका होताच वरिष्ठांनी ते लिखाण अमान्य केले. अखेर १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली आणि साष्टी व ठाणे कंपनीकडे कायम झाले. कारभारी मुंबईत, वरिष्ठ कलकत्त्यात आणि मालक लंडनमध्ये अशी कंपनीची रचना होती. वचन कोणी द्यावे आणि कोणी पाळावे हे अशा रचनेत कधीच नक्की ठरत नसे. लाभ मात्र सर्वांनाच मान्य असे.

कल्याणची कथा थोडी निराळी आहे. हे बंदर फार प्राचीन. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये ते घेतले आणि मराठी आरमाराची पहिली जहाजे या परिसरातील खाडीत बांधविली. युद्धाचा खर्च भागेना, तेव्हा आसपासच्या मुलखाचा वसूल हाती यावा म्हणून १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले. सालबाईच्या तहानंतर ते पेशव्यांकडे परत आले. त्यामुळे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. खाडीच्या अलीकडे ठाण्यात कंपनीचे राज्य आणि पलीकडे कळवा, डोंबिवली, कल्याण या बाजूस पेशव्यांचे राज्य! आज लोकलगाडी ठाणे सोडून काही क्षणांतच ज्या पुलावरून जाते, त्या पुलाखालचे पाणी त्या काळी दोन राज्यांची सीमा होते. डोंबिवली तेव्हा शेतीवाडीचे खेडे होते. तेथील शेतकऱ्याचा सारा पुण्याच्या सरकारात जमा होई आणि खाडीपल्याडच्या शेतकऱ्याचा मुंबईच्या खजिन्यात.

याच काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाचा आरोप होता. इंग्रजांच्या दडपणामुळे दुसऱ्या बाजीरावांना त्यांना कंपनीच्या स्वाधीन करावे लागले. १८१५ मध्ये त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. पहारेकरी फितूर होऊ नयेत म्हणून सारे गोरेच नेमले होते. त्यांना मराठीचे अक्षरही समजत नव्हते. असे सांगतात की, एका साहेबाच्या पागेत एक मराठा मोतद्दार नोकरीस लागला. तो घोड्याला खरारा करताना त्रिंबकजींच्या खिडकीखाली गाणी म्हणे आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत त्यांना कळवी. गोरे शिपाई ते गाणे ऐकून मान डोलावीत असतील! १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी रात्री त्रिंबकजी भिंतीतील भोकातून निसटले. ज्या लोकांवर राज्य करावयाचे त्यांची भाषाच पहारेकऱ्याला ठाऊक नसावी, हे कंपनीच्या राज्याचे एक लहानसे पण बोलके चित्र आहे.

त्रिंबकजींच्या पलायनाचे निमित्त कंपनीला पुरेसे झाले. जून १८१७ मध्ये पुण्याच्या तहाने बाजीरावांकडून उत्तर कोकण लिहून घेण्यात आला. कल्याणही गेले. खाडीवरची सीमा पुसली गेली. पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली आणि ठाणे हे कंपनीच्या एका जिल्ह्याचे ठिकाण बनले.

जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास कंपनीने कलेक्टर हे नाव दिले. या इंग्रजी शब्दाचा अर्थ गोळा करणारा, वसूल करणारा असा आहे. राजाच्या अधिकाऱ्याला आपल्याकडे सुभेदार, मामलेदार अशी नावे होती. व्यापाऱ्याच्या सरकारने मात्र आपल्या अधिकाऱ्याचे नाव त्याच्या मुख्य कामावरून ठेवले. हाच कलेक्टर दंडाधिकारीही असे. सारा ठरविणारा, तो वसूल करणारा आणि तक्रार ऐकणारा पुष्कळदा एकच हात असे. नाण्यावरील तराजूची आठवण येथे होते. त्या काळच्या मराठी लोकांनी कंपनीला 'कुंपणी' म्हणावयास सुरुवात केली. हा केवळ उच्चाराचा फरक होता. परंतु कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, ही आपली म्हण ज्याला ठाऊक होती त्याला त्या शब्दात आणखीही काही ऐकू आले असेल.

ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरे आहेत. आगरी लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे मीठ पिकवीत आले. इ. स. १८३७ मध्ये कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातील मिठावर मणामागे आठ आणे कर बसविला. १८४४ मध्ये तो एक रुपया करण्याचा हुकूम निघाला. तेव्हा सुरतेच्या लोकांनी मोठा दंगा केला आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. श्रीमंताच्या पानातील मीठ आणि मजुराच्या भाकरीवरील मीठ सारखेच असते. म्हणून हा कर गरिबाला अधिक जाचला.

कंपनीचे सगळेच अधिकारी लोभी होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी मराठी शिक्षणाला उत्तेजन दिले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये सरकारी आश्रयानेच प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक आजही तो उघडतात. पण चांगला कारभारीदेखील शेवटी दूरच्या मालकांना जबाबदार होता, प्रजेला नव्हे.

आगगाडीच्या गोष्टीत हे विशेष उघड होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन निघाली आणि चौतीस किलोमीटर अंतर तोडून ठाण्यास पोहोचली. साहेब, सिंध आणि सुलतान अशी तिच्या तीन इंजिनांची नावे होती. हिंदुस्थानातील प्रवाशांची ही पहिली गाडी. नाना शंकरशेट यांनी या उद्योगासाठी कितीतरी वर्षे खटपट केली होती. दुसऱ्या वर्षी १ मे रोजी खाडी ओलांडून गाडी कल्याणला गेली. तेथूनच पुढे एक फाटा बोरघाटाकडे आणि दुसरा थळघाटाकडे निघाला. कल्याणचे जुने बंदर मागे पडले आणि कल्याणचे जंक्शन पुढे आले.

ही रेल्वे बांधणारी जी. आय. पी. हीदेखील लंडनमधील भागीदारांचीच एक कंपनी होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ मध्ये तिच्याशी करार केला. त्यात जमीन फुकट मिळावयाची होती आणि भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी होती. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यावयाची. म्हणजे गाडी नफ्यात चालो की तोट्यात, लंडनच्या भागीदाराचे व्याज ठरलेलेच. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात गाडीत पाऊल ठेवले नाही, त्याच्या साऱ्यातूनही त्याचा अंश जाई. रेल्वेने दुष्काळात धान्य आणले, दूरचे नातलग जवळ आणले, हजारोंना कामधंदा दिला, हे सारे खरे. तिचे मोल मात्र कोणी दिले, हे डब्यावर कोठेही लिहिलेले नव्हते.

असाच एक करार कंपनीने स्वतःसाठीही करून ठेवला होता. १८१३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तिचा हिंदुस्थानातील व्यापाराचा एकाधिकार काढला आणि १८३३ मध्ये तिचा व्यापारच बंद केला. आता ती दुकान नसलेली दुकानदार झाली! तिच्याजवळ फक्त राज्य उरले. मग भागीदारांचा नफा कोठून यावयाचा? कायद्याने उत्तर दिले की, त्यांना दरसाल साडेदहा टक्के वाटा हिंदुस्थानच्या महसुलातून मिळेल. भांडवल साठ लाख पौंडांचे होते. म्हणजे वर्षाला सहा लाख तीस हजार पौंड. १८५७ च्या उठावानंतर १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले आणि राणी व्हिक्टोरियाचा अंमल सुरू झाला. तरीही भागीदारांचा वाटा थांबला नाही. पुढे सोळा वर्षे तो चालूच राहिला. १८७४ मध्ये शंभर पौंडांच्या भागास दोनशे पौंड देऊन हे भाग सोडवून घेण्यात आले आणि १ जून रोजी कंपनी विसर्जित झाली.

एवढा अनुभव पदरी असूनही इंग्लंडने सनदी कंपन्यांचा मार्ग सोडला नाही. १८८१ मध्ये उत्तर बोर्निओत, १८८६ मध्ये नायजर नदीच्या खोऱ्यात आणि १८८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेकडील प्रदेशात अशाच कंपन्यांना सनदा मिळाल्या. नायजर कंपनीचा मुलूख १९०० साली ब्रिटिश सरकारने आठ लाख पासष्ट हजार पौंडांस विकत घेतला. त्यावर राहणाऱ्या माणसांना कोणी काही विचारले नाही. तोच मुलूख पुढे नायजेरियात सामील झाला. दक्षिण आफ्रिकेतील कंपनीने तर आपल्या मुलखाला आपल्या संस्थापकाचेच नाव दिले. सेसिल ऱ्होड्स याच्या नावावरून तो ऱ्होडेशिया झाला. तेथील लोकांच्या प्रत्येक झोपडीवर तिने कर बसविला. तो रोखीने भरावयाचा असल्याने पुरुषांना गोऱ्यांच्या खाणींत आणि मळ्यांत मजुरीला जाणे भाग पडे. या कंपनीचा राज्यकारभार १९२३-२४ मध्ये संपला. परंतु उत्तर ऱ्होडेशियातील तांब्यावरचा हक्क तिच्याकडेच राहिला. ऑक्टोबर १९६४ मध्ये तो देश झांबिया या नावाने स्वतंत्र झाला. त्या घटकेपर्यंत जमिनीतून निघालेल्या तांब्याचा वाटा ती घेत होती. ठाण्याच्या शेतकऱ्याची आणि झांबियातील खाणकामगाराची कधी भेट झाली असती तर दोघांना एकमेकांची गोष्ट समजावून सांगावी लागली नसती.

ठाण्यात त्या काळच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी कागदोपत्री जिल्हाधिकारी झाला आहे. लोकांच्या तोंडी तो कलेक्टरच आहे. आता तो निवडून आलेल्या सरकारला जबाबदार असतो आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येते. जी. आय. पी. रेल्वेचा कारभार १ जुलै १९२५ रोजी सरकारकडे आला. तिच्याच मार्गावरून आज दररोज लाखो माणसे डोंबिवली-कल्याणहून मुंबईस कामाला जातात. समुद्रावरून येणाऱ्या शत्रूला रोखण्यासाठी बांधलेला ठाण्याचा किल्ला कंपनीच्या काळात तुरुंग बनला आणि तुरुंगच राहिला. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तीन तरुणांना येथेच फाशी देण्यात आले. आज तेथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. रस्त्याने जाणाऱ्याला त्याच्या जुन्या दगडी तटाची भिंत दिसते.